हाराच्या आधी

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. आंबोली घाटात नवरीला घेऊन निघालेली चकचकीत मोटार चढावर धापा टाकत थांबली. मुहूर्त तर जवळ आलेला. तेवढ्यात मागून बाबलकाकांची जुनी जीप गुणगुणत वर आली.

“मी सगळ्यात महागडं पेट्रोल पिते, वर ताकदीचं औषध!” मोटार रडवेली झाली. “आजी, तुम्ही कुठलं पिता?”

“पायथ्याच्या पंपावरचं साधंच.”

तोवर काकांनी मोटारीचं बॉनेट उघडलं आणि धुळीने बुजलेला एअर फिल्टर काढून झटकला. मोटारीने कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

“दसऱ्याला तुला झेंडूचा हार घालतात ना?” जीप अभिमानाने म्हणाली. “मलाही घालतात. पण आमचे काका हार घालण्याआधी बॉनेट उघडतात.”