डब्याच्या तळाला भोक

डोंगरामागच्या त्या खोऱ्यात तेव्हा पूल नव्हता. रस्ता सरळ नदीत उतरायचा, पाण्याखालच्या गोट्यांवरून चाचपडत जायचा आणि पलीकडे करंजाच्या झाडापाशी पुन्हा वर यायचा. आता तिथे पूल झाला आहे. त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना खाली नदी आहे हे कळतही नाही. ही गोष्ट पुलाच्या आधीची.

खोऱ्याच्या तोंडाशी, तालुक्याच्या गावी, एक वृद्ध कारागीर होते. गाड्यांचे वायरिंग हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना दस्तगीरचाचा म्हणत. जीपमध्ये वायरी मोजक्याच असायच्या त्या काळापासून ते हे काम करत आले होते. तेव्हा नदी आली की ड्रायव्हर खाली उतरायचा, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर दुधाची रिकामी पिशवी चढवायचा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायचा, आणि पंख्याने पाणी उडवू नये म्हणून त्याचा पट्टा काढून सीटखाली ठेवायचा. मग देवाचे नाव घेऊन गाडी पाण्यात घालायची. पुढे गाड्यांना इलेक्ट्रॉनिक मेंदू आले, तसे चाचांच्या बरोबरीचे कारागीर एकेक करून घरी बसले. चाचांनी मात्र चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि उतारवयात नवी विद्या शिकून घेतली.

त्यांच्या हाताखाली हणमंत नावाचा एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढचे, हात स्वच्छ, बोलणे कमी. नदीपलीकडच्या वाडीत त्याचे घर. त्याचा थोरला भाऊ जोतिराम याने हौसेने एक जीप आणली होती आणि पलीकडच्या वाड्यांना बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सारे तिच्यामुळे जवळ आले होते. जोतिराम मागच्या वर्षी तापाने गेला. तेव्हापासून हणमंत सकाळी जीप चालवी आणि दुपारी चाचांकडे काम करी.

घरात आता तो आणि आई. आईला त्रास होईल म्हणून हणमंत भावाचे नाव काढत नसे. पोराला त्रास होईल म्हणून आई काढत नसे. खुंटीवरचा सदरा एके दिवशी दिसेनासा झाला. तो कोणी उचलला हेही कोणी विचारले नाही. एकमेकांना जपता जपता दोघांचे घरातले बोलणे मीठ, सरपण आणि पाऊस एवढ्यावर येऊन थांबले होते.

पावसाळा लागला आणि जीप नदीत बंद पडू लागली. हणमंत स्वतः वायरिंगवाला. त्याने गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, फ्युज आणि रिले असे सगळे नाजूक सामान बॉनेटखाली एका डब्यात बसवले होते आणि झाकणाच्या कडा सिलिकॉनने बुजवल्या होत्या. गाडी बंद पडली तेव्हा त्याने आणखी सिलिकॉन भरले. पुन्हा बंद पडली तेव्हा वायरी जिथून आत जात तिथेही गच्च भरले आणि वरून रबराचे वेष्टण घातले. मुंगीला शिरता येणार नाही असा तो डबा झाला, आणि जीप पुन्हा भर पाण्यात थांबली. बाजाराला निघालेल्या बायका पाटी डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून काठाला आल्या. दुसऱ्या दिवसापासून वाडीची माणसे डोंगरावरच्या पायवाटेने जाऊ लागली.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बाजारातले ते धान्याचे शेठ गाडी मागतायत. अजून एकदा पाण्यात थांबली, तर देऊन टाकायची. गाडी माझ्या नावावर आहे."

भावाच्या हातची तेवढी एकच वस्तू घरात हलतीबोलती उरली होती. पण तसे म्हणायचे तर त्याचे नाव घ्यावे लागले असते.

सकाळी ट्रॅक्टरने ओढून त्याने जीप चाचांकडे आणली. चाचांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे कोणी भरलं?"

"मीच."

"गवंडी झाला असतास तर धरणं बांधली असतीस," चाचा म्हणाले आणि सुरीने सिलिकॉन कापू लागले.

झाकण निघाले. डब्यात कपभर पाणी होते. रिलेच्या पायांवर हिरवट गंज चढला होता. हणमंत वाकून बघतच राहिला. कडा शाबूत, वेष्टण शाबूत, कुठे चीर नाही.

"चाचा, सगळं तर बंद होतं. पाणी आलं कुठून?"

"आलं कुठून ते बघू. जाणार कुठून होतं, ते सांग."

चाचांनी ब्रशने एकेक पाय घासून घेतला, हलक्या हाताने ग्रीस लावले, डबा कोरडा पुसला. मग ड्रिल मशीन उचलले आणि डब्याच्या तळाला, सर्वांत खालच्या कोपऱ्यात, सरळ एक भोक पाडले.

डबा जपण्यात त्याचा सारा पावसाळा गेला होता.

"चाचा, उद्या मला ह्याच नदीतून जायचंय. शेठ गाडी पारखायला बसणार आहेत. गाडी थांबली तर तिथल्या तिथे आई त्यांना देऊन टाकेल. आणि तुम्ही भोक पाडता?"

"बस इथं," चाचा म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे सरकवले. "हे बघ बेटा, इंजिनाजवळ डबा तापतो. तापला की आतली हवा फुगते. मग तू त्याला थंडगार नदीत घालतोस. हवा आकसते, डबा श्वास ओढतो. दार बंद, खिडकी बंद. मग तो वायरीच्या आतून, तारांच्या फटीतून ओढतो आणि हवेसोबत पाणी घेतो. तू जितकं बुजवशील तितका तो जोरात ओढणार. समजा नदी नसती, तरी पावसाळ्याची दमट हवा आत असतेच. रात्री गार झाली की तिचं पाणी होतं. पाणी येणारच. डबा वर, डॅशबोर्डखाली बसवू, वायरींना खाली झोळ देऊ, म्हणजे थेंब तिथंच गळून पडतील. जेवढं टाळता येईल तेवढं टाळू. पण आलेल्याला वाट पाहिजे. गाडी आत आलेल्या पाण्यानं मरत नाही. आत राहिलेल्या पाण्यानं मरते."

हणमंत ऐकत होता. चाचांनी ड्रिल पुसून जागेवर ठेवले आणि त्याच स्वरात विचारले, "जोती असता तर हा डबा बघून काय म्हणाला असता रे?"

हणमंतची मान खाली गेली. "आमच्याकडे त्याचा विषय काढत नाहीत, चाचा."

"का?"

"आईला सोसायचं नाही."

"आई म्हणाली तसं?"

चाचा थोडा वेळ हातातल्या वायरीचे टोक सोलत राहिले. मग म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा पोरींनी माझ्यासमोर अम्मी हा शब्द काढणंच सोडलं. चांगल्या मनानंच. मी पण मोठा शहाणा, म्हटलं, बरं झालं. वर्षभरानं धाकटीनं एकदा चुकून विचारलं, अम्मी आमटीला चिंच किती घालायची? आणि मला सांगता येईना. आठवत होतं सगळं, पण बोलायची सवयच गेली होती." त्यांनी वायर पुढे केली. "धर. झोळ नीट दे. आखडून बांधू नकोस."

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः जीपमध्ये बसले. मागे धान्याचे व्यापारी. अंगाने भरदार गृहस्थ, मांडीवर छत्री आडवी धरलेली.

"हणमंतराव, मला पोहता येत नाही. आधीच सांगून ठेवतो," ते म्हणाले.

"शेठ, तुम्ही तरंगाल," चाचा म्हणाले. "काळजी सोडा."

नदीला तांबडे पाणी होते. काठावर हणमंतने गाडी थांबवली, इंजिन जरा गार होऊ दिले आणि मग पहिल्या गिअरमध्ये हळूच पाण्यात घातली. पाणी बंपरला लागले, दिव्यांवर चढले, बॉनेटवरून उडाले. मध्यावर इंजिनाचा आवाज क्षणभर जड झाला. व्यापाऱ्यांनी डोळे मिटले. हणमंतने ना वेग वाढवला, ना पाय काढला. चाके गोट्यांवर घसरली, पुन्हा धरली, आणि जीप निथळत करंजाच्या झाडापाशी वर आली. चाचांनी डॅशबोर्डखाली हात घालून पाहिले. नव्या जागी बसवलेल्या डब्याच्या तळातून एक थेंब त्यांच्या बोटावर आला, मग आणखी एक. त्यांनी बोट धोतराला पुसले.

वाडीत आई अंगणात उभी होती. तिने आधी जीपकडे पाहिले, मग न भिजलेल्या व्यापाऱ्यांकडे.

"थांबली का?"

"नाही," हणमंत म्हणाला. तो पायरीवर बसला. बोलायचे ठरवूनच तो आला होता. "आई, जोतीदादा असता तर आज मला शाबासकी दिली असती. नाहीतर म्हणाला असता, एवढं सोपं होतं तर बायकांना पाण्यात कशाला उतरवलंस?"

व्यापारी छत्रीची मूठ चाचपू लागले. आईने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

"दुसरंच म्हणाला असता," ती म्हणाली. "शाबासकी कुठली द्यायला तो." मग ती दाराच्या चौकटीला टेकली. "गाडी थांबते म्हणून मी विकायला काढली नव्हती रे. तो वळणावर हॉर्न वाजवायचा. मी चहा ठेवायची. आता तीच गाडी येते, तसाच आवाज करत, आणि वळणावर गप्प होऊन घराशी येते. रोज. मला ते गप्प येणं बघवत नव्हतं."

"मी तुझ्यासाठीच वाजवत नव्हतो."

"मला काय ठाऊक? तू सांगितलंस कधी?"

चहा झाला. व्यापाऱ्यांनी गाडीचा विषय काढलाच नाही. उलट तेच सांगू लागले, "एकदा माझी पोती घाटात नेताना जोतिराम मला म्हणाला, शेठ, पोती राहू द्या, तुम्हीच उतरा, गाडी आपोआप चढेल." आई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तरी तिने ते पुसले नाहीत. मग तीही सांगू लागली, जोती लहानपणी बैलाच्या पाठीवर झोपायचा ते. हणमंतला हे ठाऊक नव्हते. त्याने विचारले, पडायचा नाही का? आणि आई म्हणाली, पडायचा की, रोज पडायचा.

उन्हे कलली तेव्हा हणमंत दोघांना पोचवायला निघाला. आई अंगणातच उभी होती. वळणावर आल्यावर त्याचा हात स्टिअरिंगवरच्या बटणाशी गेला, थांबला, मग त्याने ते दाबले. एकदा दाबून काही झाले नाही. जोर देऊन दाबले तेव्हा घोगरा, तुटक आवाज आला आणि डोंगरात जाऊन परतला.

शेजारी डुलकी घेणाऱ्या चाचांनी डोळे उघडले.

"बटण चिकटतंय," ते म्हणाले. "वापरात नसलं की होतं तसं. उद्या घेऊन ये, बघू."