पालथा पेला

एका गावात एक दवाखाना होता. खाटा पस्तीस, परिचारिका आठ. त्यांतली गिरजा सगळ्यांत कामसू. तिचा हात इतका हलका, की मलमपट्टी चालू असतानाही लोक खुशाल गप्पा मारत. म्हणून वैद्यबुवांनी तिलाच मुख्य परिचारिका केलं. गिरजेने कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचला आणि दुसऱ्या दिवसापासून पस्तीसही खाटांची कामं एकटीच करू लागली!

बाकीच्या सातजणींना काम वाटून द्यायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्याही बिचाऱ्या आपापल्या परीने औषधं देत. व्हायचं तेच झालं. गावचे कोतवाल पोटाची तक्रार घेऊन आले होते. सकाळी गिरजेने त्यांना एरंडेल पाजलं. तासाभराने दुसरीनेही पाजलं. इथली रीतच असेल, असं समजून कोतवाल मुकाट्याने प्याले. मग दिवसभर त्यांनी परसाकडच्या वाटेवर गस्त घातली.

जिवाला धोका नव्हता, पण अब्रू गेली. वैद्यबुवा कडाडले, "गिरजा, पंधरा दिवसांत घडी बसव, नाहीतर किल्ल्या परत दे."

गिरजेला रडू कोसळलं. त्याच आठवड्यात पंचक्रोशीतल्या परिचारिकांच्या मंडळाची बैठक होती. आसपासच्या सगळ्या दवाखान्यांच्या मुख्य परिचारिका तिथे जमत. आता कोणत्या तोंडाने जायचं? तरी ती गेली आणि दाराशीच अंग चोरून बसली.

मंडळाच्या प्रमुख मथुराक्का सत्तरीच्या. त्यांनी गिरजेला हाताला धरून मानाच्या पाटावर बसवलं. मंडळाची रीतच तशी होती. नवीन मुख्य परिचारिका आली, की प्रत्येकीने तिला आपली एक चूक सांगायची. सुरुवात थोरलीने करायची.

"पहिल्याच महिन्यात मी एका पहिलवानाचा मोडलेला पाय सोडून धडधाकट पायाला फळ्या बांधल्या," आक्का म्हणाल्या. "आणि मी रागावेन म्हणून तो बोलेचना!"

सगळ्या खो खो हसल्या. गिरजाही हसली आणि हसता हसता एरंडेलाची हकिकत सांगून मोकळी झाली. किती हलकं वाटलं तिला!

"अगं, आमच्याकडेही झालं होतं हे," एकजण म्हणाली. "तेव्हापासून औषध दिलं, की आम्ही उशाशी पेला पालथा घालतो. पालथा पेला दिसला, की दुसरीने औषध द्यायचं नाही."

"आणि गिरजे, खाटा वाटून दे," आक्का म्हणाल्या. "तू बाटली हातात धरलीस, तर बाकीच्या खाटा कोण बघणार? मी येते आठवडाभर तुझ्याकडे."

आक्का खरंच बोचकं घेऊन आल्या. सातजणींना पाच-पाच खाटा वाटल्या. गिरजेचे हात नुसते शिवशिवत. तिचा हात बाटलीकडे गेला, की आक्का मोठ्याने खाकरत. हळूहळू खाकरणं कमी झालं.

पंधराव्या दिवशी वैद्यबुवा परीक्षा घ्यायला आले. कोतवालही कुठल्याशा लग्नात जिलब्या रिचवून पुन्हा खाटेवर होते.

"वैद्यबुवा, मागची चूक माझी होती. मी कामं वाटलीच नव्हती," गिरजा सगळ्यांसमोर म्हणाली.

एका परिचारिकेने कोतवालांना एरंडेल दिलं आणि पेला पालथा घातला. थोड्या वेळाने वैद्यबुवांनी मुद्दाम दुसरीला बाटली घेऊन पाठवलं. कोतवालांनी डोळे घट्ट मिटले. ती खाटेशी आली, पेला पाहिला आणि तशीच माघारी फिरली. कोतवालांनी सोडलेला सुस्कारा अख्ख्या दवाखान्याने ऐकला.

"राहू देत किल्ल्या तुझ्याकडेच," वैद्यबुवा हसत म्हणाले.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत एक नवी मुलगी खाली मान घालून दाराशी बसलेली दिसली. आक्कांनी खुणावलं, तशी त्यांच्या जागी गिरजा उठली. तिने तिला पाटावर बसवलं.

"आधी माझी चूक ऐक. आमच्या गावात एक कोतवाल आहेत..."

मथुराक्का तेवढ्यावरच हसायला लागल्या होत्या.

तात्पर्य: नवी जबाबदारी एकट्याला पेलवत नाही. आपल्या पेशातल्या माणसांपाशी मन मोकळं करावं, त्यांचा हात धरावा, आणि आपण उभे राहिलो की तोच हात पुढच्याला द्यावा.