घरच्या विरजणाची वाटी

फार फार वर्षांपूर्वी, राजे घोड्यावरून फिरत आणि दही मडक्यातून विकलं जाई तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात सगुणा नावाची गवळण राहत होती. तिचं दही असं घट्ट की मडकं उपडं केलं तरी सांडायचं नाही. निदान सगुणा तरी असं सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

पण आता तिचे गुडघे कुरकुरू लागले होते. मागेपुढे कुणी नाही. डोक्यावरचं मडकं पेलेनासं झालं की खायचं काय, ही एकच काळजी तिला पोखरत होती. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेली नाण्यांची एक थैली, तेवढाच काय तो आधार.

अशात उत्तरेकडच्या बर्फाच्या देशातून एक व्यापारी तांडा घेऊन आला. तिकडे म्हणे मोठमोठ्या दगडी पेढ्या होत्या. पेढीत वाटा घ्यायचा, की दरवर्षी नफ्यातला हिस्सा तांड्याबरोबर घरपोच. व्यापारी सरळ माणूस होता. त्याने हेही सांगितलं, की हा वाटा म्हणजे उसने दिलेले पैसे नव्हेत. पेढीचं भलं झालं तर आपलं भलं, पेढी बुडाली तर आपणही बुडालो.

झालं, गावात त्याच गप्पा. कुणी म्हणे, बर्फात पैसा गोठून जाईल. कुणी म्हणे, असेल नसेल ते सगळं घाला. सगुणाला यातलं दुसरं मत गोड वाटलं. थैली उद्या पुरतीच व्यापाऱ्याच्या हवाली करायची, असं तिने मनाशी पक्कं केलं.

त्याच दिवशी लग्नघरचं दही लावायचं होतं. बाई स्वप्नातल्या नाण्यांत इतक्या गुंग, की दूध निवायच्या आधीच विरजण घातलं. आणि तेही वाटी खरवडून, शेवटच्या थेंबापर्यंत! दूध नासलं ते नासलंच.

संध्याकाळचं दूध आलं, पण विरजण कुठलं आणायचं? दिवेलागण झाल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, अशी गावाची रीत. सगुणा दोन दारांवरून हात हलवत परतली. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या पुतळाकाकूंच्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभी राहिली.

पुतळाकाकू आत गेल्या आणि वाटी घेऊन बाहेर आल्या.

"घे गं. मी तापाने अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझं विरजण संपलं होतं, ते तूच दिलंस. रोज थोडं मागे ठेवत आले, त्यातलंच हे. तुझंच तुझ्या घरी चाललंय, त्याला कसली आलीय रीत?"

सगुणाचे डोळे भरून आले. वाटी पदराखाली धरून ती घरी निघाली आणि वाटेतच तिला उमगलं. काकूंनी रोज थोडं मागे ठेवलं म्हणून आज निभावलं. आपण वाटी खरवडली म्हणून आपल्यावर ही वेळ आली, आणि उद्या आपण थैलीही तशीच खरवडायला निघालो होतो!

सकाळी तिने व्यापाऱ्याला आजवर गावात कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारला. तिकडचा सगळ्यात वाईट हिवाळा आला, त्या वर्षी वाटा मिळाला का?

व्यापाऱ्याने बोटांवर मागचे हिवाळे मोजले. मग म्हणाला, "कमी मिळाला, मावशी, पण मिळाला. पुढचं मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही."

त्या शेवटच्या वाक्यामुळेच सगुणाचा त्याच्यावर विश्वास बसला. थंडीत दही उशिरा लागतं, पण लवकर आंबत नाही, असं म्हणत तिने थोडी नाणी त्याला दिली. थोड्या नाण्यांची आणखी एक म्हैस घेतली. उरलेली थैलीत बांधून ठेवली.

पुढे एका वर्षी बर्फाने घाट बुजले. तांडा आलाच नाही. सगुणा म्हशींच्या दुधावर निभावून गेली. दुसऱ्या वर्षी गावात रोग आला आणि म्हशी दगावल्या. बिचारी थैलीची गाठ सोडून उरलेली नाणी मोजत बसली होती, तोच घाटातून तांड्याच्या घंटा वाजल्या. दोन्ही वर्षांचा वाटा आला होता.

तोवर सगुणाला चालवत नव्हतं. तरी भिंतीला धरून ती पुतळाकाकूंकडे गेली आणि विकत घेतलेल्या दुधाच्या दह्याने भरलेली एक चांदीची वाटी तिने त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, चांदीची कशाला?" काकू रागावल्या.

"काकू, त्या संध्याकाळी तुम्ही नाही म्हणाला असतात, तर आज मी तुमच्या दारात भीक मागायला आले असते."

काकूंनी वाटीतलं दही खाल्लं आणि तळाशी चमचाभर तसंच राहू दिलं.

तात्पर्य: दूरची पेढी तिच्या वाईट दिवसांवरून पारखावी, घरची वाटी कधी खरवडू नये, आणि ती रिकामी असताना भरून देणाऱ्याला जन्मभर विसरू नये.