शेंड्याचा निरोप

एका घरात पूर्वी असं घडलं. नवरा गेल्यापासून अनसूयाबाईंनी खोलीचा पडदा उघडला नव्हता. फळीवरच्या कुंडीतली त्यांची पानफुटी त्याच अंधारात राहत होती. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडासाठी ती लांबत गेली. तिचं खोड काडीसारखं बारीक झालं आणि पानं विरळ, फिकट झाली.

“केवढी वाढलीस ग!” अनसूयाबाई कौतुकाने म्हणायच्या.

शेजारच्या कुंडीतली म्हातारी कोरफड मात्र पानफुटीला म्हणाली, “ही वाढ नाही, पोरी. तडफड आहे.”

एक दिवस पानफुटी स्वतःच्याच भाराने वाकली. शेजारच्या शकिलाभाभींनी ते पाहिलं. “काकू, शेंडा कापा. जखम सुकली की दुसऱ्या कुंडीत लावा. खालचं खोडही फुटेल. पण आधी तो पडदा उघडा.”

अनसूयाबाई बराच वेळ पडद्यापाशी उभ्या राहिल्या. मग रडत रडतच त्यांनी तो सारला आणि कात्री घेतली.

“आई, तुला सोडून मी कसा जगू?” शेंडा म्हणाला.

“तू उजेडात जगावास म्हणूनच तर तुला एवढं वर धरलं होतं,” पानफुटी म्हणाली. “जा.”

शेंडा खिडकीतल्या नव्या कुंडीत रुजला. काही आठवड्यांनी पानफुटीच्या उरलेल्या खोडालाही कोंब फुटले. ठेंगणे, भरीव, हिरवेगार. अंधार त्यांना माहीतच नव्हता.

“आई, तू एवढी वाकडी का ग?” त्यांनी हसत विचारलं.

पानफुटीने खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. उन्हात रमलेला शेंडा आता तिला ओळखत नव्हता.

“ऊन आलंय,” ती कोंबांना म्हणाली. “पोटभर घ्या.”