केरबानं बादशहाचा मान राखला

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे नवरदेव अजून व्हायचा होता, भोळा मात्र जन्मापासूनचा होता. त्याचं नाव केरबा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

केरबा शामरावनानांच्या गुऱ्हाळावर कामाला होता. नानांची मुलगी हौसा त्याला फार आवडायची, आणि हौसालाही हा साधा गडी पसंत होता. नानांनी कुरकुरत का होईना, लग्न ठरवलं. पण नेमके त्याच आठवड्यात गूळ बघायला जपानचे मोरिता साहेब येणार होते.

नाना म्हणाले, "केरबा, साहेब लग्नालाबी थांबणार हाईत. त्यांचा अपमान झाला, तर अंगाला हळद लागली असली तरी पोरगी देणार न्हाई. गुरुजींकडं जा. त्यांच्यात मान कसा देत्यात ते शिकून ये."

गुरुजींचा मुलगा जपानात नोकरीला होता. त्याच्याकडं वर्षभर राहून आल्यापासून गुरुजी चहासुद्धा वाकून घेत.

गुरुजींनी पहिला धडा दिला. "त्यांच्या बादशहाला तेन्नो म्हणतात. पण नुसतं तेन्नो म्हणायचं नाही. मागं हेइका लावायचं. तेन्नो हेइका. आणि वाकायचं."

"बादशहा आला की तेन्नो हेइका आणि वाकायचं."

"बरोबर."

संध्याकाळी पारावर पत्त्यांचा डाव रंगला. केरबा नानांचा जोडीदार होता. समोरच्यानं इस्पिकचा बादशहा टाकला. केरबाच्या हातात इस्पिकचा एक्का होता, आणि नानांना तो केरबाच्या तोंडावरून कळला होता. पण केरबा उठून उभा राहिला, टोपी सारखी केली आणि कमरेत वाकला.

"इस्पिकचे तेन्नो हेइका," तो म्हणाला.

"एक्का टाक लेका."

"नाना, बादशहाला कसं मारू?"

त्यानं एक्का खिशात घातला. मग बदामचे आले, चौकटचे आले, किलवरचेही आले. प्रत्येकासाठी केरबा उठला. डाव गेला, आणि नाना म्हणाले, "गुरुजींकडं जा."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, पत्त्यातला नव्हे, खराखुरा बादशहा. त्याचा मान एवढा, की गादीवर असेपर्यंत त्याचं नावसुद्धा कुणी तोंडानं घेत नाही. आपल्याकडं बायका नवऱ्याचं घेत नाहीत, तसं समज."

"मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाई."

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी नानांनी त्याला घरोघर लग्नाचं आमंत्रण द्यायला धाडलं. केरबा दारात उभा राहून सांगू लागला, "गुऱ्हाळावर लग्न हाय, या."

"कुणाच्या घरचं रे?"

"फार मोठा माणूस हाय. नाव घेता येत न्हाई."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कुणी मंत्री नानांच्या गुऱ्हाळावर चोरून लग्न करतोय. दोन पोलीस येऊन मांडव तपासून गेले. जाताना त्यांनी ताजा गूळही नेला. नानांनी फक्त गुरुजींच्या घराकडं बोट दाखवलं.

"घरच्या माणसाचं नाव घ्यावं रे," गुरुजी म्हणाले. "आणि जपानात परक्यापुढं आपल्या माणसाला मानाचं काही लावत नाहीत. पाहुण्याच्या नावामागं सान. आपल्या माणसाचं नुसतं नाव."

"पाहुण्याला सान, आपल्याला नुसतं नाव."

"बरोबर."

मोरिता साहेब आले. पुण्यात राहून ते तोडकंमोडकं मराठी शिकले होते. "मालक कोण?" त्यांनी विचारलं.

केरबा पुढं झाला. "मोरिता सान, हा शाम्या. माझा सासरा. गूळ करतो, बराच म्हणायचा."

गुऱ्हाळावरचे गडी नानांच्या तोंडाकडं बघू लागले. साहेब मात्र खुलले. इतक्या दिवसांत आपल्या घरच्यासारखं बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. ते हसत होते म्हणून नानाही हसले, पण आतून काहिलीतल्या रसासारखे उकळत होते.

हळदीच्या दिवशी हौसानं केरबाला गाठलं. "उद्याचा एक दिस नीट वाग. नाना शब्दाचा पक्का हाय. आणि मला तूच पायजेस."

केरबाचे डोळे भरून आले. असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. कुणी न धाडताच तो पळत गुरुजींकडं गेला.

"तू आता काही बोलूच नकोस," गुरुजी म्हणाले. "साहेब दिसले की नुसता वाक. आणि ते मान वर करेपर्यंत तू करू नकोस."

लग्नाच्या दिवशी साहेबांना मानानं नवरीच्या शेजारी उभं केलं होतं. बूट मांडवाबाहेर काढून ते मोज्यांवर उभे होते. मंगलाष्टका संपल्या, भटजींनी अंतरपाट काढला, आणि केरबाला आधी साहेबच दिसले. तो कमरेत वाकला.

साहेबांना वाटलं, इथली रीतच असावी. ते पाऊलभर पुढं आले आणि त्याच्याहून खाली वाकले. केरबा आणखी वाकला. हौसा हातात हार घेऊन ताठ उभी होती. अंतरपाट निघाला की हार घालायचा, एवढं केरबाला ठाऊक होतं, पण मान वर करायची सोय नव्हती. त्यानं हार पुढं केला आणि तेवढ्या उंचीवर जी मान सापडली तिच्यात घातला.

ती साहेबांची होती.

साहेब भारावून गेले. हार घेऊन परतफेड न करणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी हौसाच्या हातातला हार दोन्ही हातांनी, अदबीनं घेतला आणि केरबाच्या गळ्यात घातला. मग पुन्हा वाकले. हार पडलेले पाहून बँडवाल्यांनी बँड सुरू केला. सगळीकडून अक्षता उडाल्या.

नाना मटकन खाली बसले. हार काढून घ्यावा तर साहेबांचा अपमान, राहू द्यावा तर जावई गेला. बरं, पाहुणा तर एवढा खूश, की मुलगी देत नाही म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. हौसा पदरात तोंड लपवून हसत होती.

इकडं ते दोघं वाकलेलेच होते. साहेब केरबासाठी थांबले होते आणि केरबा साहेबांसाठी. खाली मान घातलेल्या केरबाला समोर काळ्या मोज्यांतली दोन पावलं दिसली. त्याचा ऊर भरून आला. त्या पावलांकडं बघत तो हळूच म्हणाला, "हौसा, लगीन लागलं बघ एकदाचं. आता तेवढे मोजे काढ, जोडवी घालायची हाईत."