भिकायचा खडक

फार वर्षांपूर्वी आपल्या हुरवलीच्या देवळाला शिखर बांधायचं ठरलं होतं आणि ते झालं नाही. का झालं नाही, ते ऐका. भाजलेली कालवं खात ऐकलंत तरी माझी हरकत नाही, पण शिंपले टाकू नका. त्यांचं काम शेवटी आहे.

त्या काळी आपली खाडी इतकी नितळ होती की तळाला पडलेली नथ होडीतून दिसायची, असं म्हणतात. मी काही बघायला नव्हते. पण ती नथ ज्या घराला सापडली त्या घरची सून ती अजून मिरवते, तेव्हा काहीतरी असणारच. आणि खाडीभर कालवांचे खडक होते. कालव जन्मभर एका जागी बसतं, तोंड किलकिलं करतं, गढूळ पाणी आत घेतं, त्यातला मळ खातं आणि पाणी धुऊन परत देतं. त्या खडकांच्या कपारीत कोळंबीची पिल्लं वाढायची. भरतीची लाट खडकांवर आपटून दमायची, म्हणून शेताचे बांध शाबूत राहायचे.

तिथे भिकाय नावाची बाई कालवं फोडायची. नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडकावर बसायची, कोयतीने कालव उघडायची, मांस मडक्यात टाकायची आणि शिंपले तिथेच सोडून यायची. सगळ्याच बायका तसं करायच्या. जुन्या शिंपल्यावरच नवं कालव चिकटतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग पलीकडच्या गावाने देवळाला पांढरंशुभ्र शिखर चढवलं, आणि आपल्या लोकांची झोप उडाली. आपलं शिखर त्याहून उंच हवं! चुना हवा, म्हणजे शिंपले हवेत. शिंपले भाजायला काठावर भट्टी रचली. आधी पडलेले शिंपले वेचले, मग पहारी घेऊन जिवंत खडकच फोडायला लागले. अहो, या गावात पोरीचं लग्न ठरवायलासुद्धा देवीला कौल लावतात. पण या कामाला कोणी कौल लावला नाही. देवीचंच तर काम, तिला काय विचारायचं!

पुढच्या पावसात डोंगराची लाल माती खाडीत उतरली ती तिथेच राहिली. पाणी पिठल्यासारखं झालं, मग त्याला वास यायला लागला. जाळ्यात चिखल यायचा. बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि उभं भात जळालं. माणसं गाव सोडायच्या गोष्टी करायला लागली. तेव्हा रवळू मानकरी म्हणाला, शिखराचं काम अडलं म्हणून देवी कोपली आहे. भट्टीजवळ शिंपल्यांची रास होती, ती थोडी कमी पडत होती. खाडीत एकच खडक उरला होता. तो फोडायचं ठरलं.

माणसं पहारी घेऊन गेली, तर खडकावर भिकाय बसलेली.

"ऊठ गो भिकाय, भरती इली!" रवळू ओरडला.

"इली तर इली. ती माझी शेजारीण. तुमी कोण?"

"देवीचा काम हा!"

"देवीक विचारलास?"

पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला. ती हलली नाही. असं म्हणतात की पाणी गळ्याशी आलं तेव्हा रवळूनेच पहार फेकली आणि तो रडत म्हणाला, "विचारतंव गो बाये, विचारतंव. पण तू ऊठ."

ती उठली, पण रिकाम्या हाताने नाही. मडक्यात तेच गढूळ पाणी घेतलं, त्यात खडकावरची चार जिवंत कालवं सोडली आणि मडकं देवळाच्या पायरीवर ठेवलं. गुरवाने देवीच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. शिंपले भट्टीत घालायचे काय? डावी पाकळी पडली. नाही. मग खाडीत घालायचे काय? उजवीकडच्या सगळ्या पाकळ्या एकदम गळाल्या, असं म्हणतात. आरतीच्या वेळी कोणीतरी मडक्यात डोकावलं, तर पाणी निवळलं होतं आणि समईच्या उजेडात तळाची कालवं दिसत होती. रवळू तिथेच खाली बसला.

शिखरासाठी साठवलेली ती रास साऱ्या गावाने डोक्यावरून वाहिली आणि त्या एकट्या खडकाभोवती पसरली. त्या शिंपल्यांवर मुगाएवढी कालवं धरली, वाढली, त्यांच्यावर आणखी धरली. खाडी एका वर्षात काही सुधारली नाही. भिकाय म्हातारी झाली, तिची नजर गेली. शेवटच्या दिवसांत तिने खाडीचं पाणी मागितलं, तेव्हा रवळूच मडकं भरून घेऊन आला. तिने हात आत घातला, तळ चाचपला, बोटं चोळली. गाळ लागला नाही. "बरा झाला," एवढंच ती म्हणाली.

आपलं देऊळ अजून काळ्या दगडाचंच आहे, बिनशिखराचं, बिनचुन्याचं. बाहेरची माणसं हसतात, हसू देत. नवी सून गावात आली की घरात पाऊल टाकण्याआधी ओंजळभर शिंपले खाडीला देते. आणि आपण खाल्लेल्या कालवांचे शिंपले सकाळी सुकतीला परत जातात, हे तर तुम्ही करताच.

त्या एका खडकाला मात्र कोयती लागत नाही. पाणी चढायला लागलं की बायका मडकी उचलून काठाकडे निघतात, आणि निघताना त्या रिकाम्या खडकाकडे वळून प्रेमाने हाक मारतात, "ऊठ गो भिकाय, भरती इली!"

ती काही उठत नाही. ती त्या दिवशी या हाकेला उठली नाही म्हणून तर आपण इथे आहोत.