फोटोतली यंत्रं

शेजारच्या रेवती तांबटला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब यांची सही हवी, म्हणून तिच्याबरोबर मी गेले.

दादासाहेब म्हणाले, "पोरींच्या हाती यंत्र शोभत नाही. डी.एड. कर, आत्ता सही देतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेवतीनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. त्यात महिला दिनाला चाळीस बायकांना शिलाई मशिनी वाटताना दादासाहेब हार घालून उभे होते.

"यातल्या अकरा बंद पडल्या, त्या मीच उघडून चालू केल्या. शोभत नसेल तर चाळीसही परत मागवा, दादासाहेब. घरोघर निरोप मी देते."

दादासाहेब फोटोकडे बघत पेन चाचपू लागले. मी माझं पुढे केलं. माझ्या सत्तर वर्षांत दुसऱ्याच्या उत्तरापुढे मी गप्प बसले, ते तेवढ्या एकदाच.